खळ, निखारा आणि इस्त्रीचा तळ

इस्त्रीच्या तळावर जमणारा काळपट, खरखरीत थर बहुतेक वेळा जळालेल्या खळीचा असतो. खळ दाट झाली, तिच्यात गुठळ्या राहिल्या किंवा कपडा नको तितका ओला असला, की खळ कापडावर न राहता तापलेल्या धातूला चिकटते. पहिल्या दिवशी तो नुसता पिवळसर चिकटा असतो. तो न पुसता इस्त्री पुन्हा पुन्हा तापवली की तपकिरी होतो आणि शेवटी त्याचा कोळसा होतो. असा तळ पांढऱ्या धोतरावर फिरला की धोतराला डाग पडतो, आणि इस्त्री अडखळल्यामुळे कापडाला चुणी पडते ती वेगळीच. सोलापुरात हा त्रास केवळ घरगुती नव्हता. या शहराचा खळीशी संबंध मागापासून सुरू होतो. मागावरची खळ आणि इस्त्रीखालची कांजी या दोन्हींच्या अडचणी एकाच जातीच्या आहेत, आणि त्यांवरचे उपायही एकमेकांना जवळचे आहेत.

खळीचा मुख्य घटक स्टार्च. तांदूळ, ज्वारी, गहू, साबुदाणा या सगळ्यांत तो असतो. पाण्यात साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला त्याचे कण फुगतात, फुटतात आणि पाण्याला दाटपणा येतो. ही कांजी कापडावर वाळली की धाग्यांभोवती पातळ पापुद्रा धरते, आणि गरम इस्त्रीने दाबला की तो गुळगुळीत व ताठ होतो. सुती कापडाला इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापलेली लागते. एवढ्या कोरड्या उष्णतेत स्टार्चच्या लांब साखळ्या तुटून डेक्स्ट्रिन तयार होते. ते पिवळसर, डिंकासारखे चिकट, पण पाण्यात विरघळणारे असते. १८२१ साली डब्लिनजवळच्या एका कापड कारखान्याला आग लागली, आग विझवताना भाजलेल्या स्टार्चवर पाणी पडले आणि त्याचा डिंक झालेला कामगारांना दिसला, अशी डेक्स्ट्रिनच्या शोधाची हकीकत सांगितली जाते. उष्णता आणखी वाढली किंवा बराच वेळ मिळाली की डेक्स्ट्रिनचाही कोळसा होतो, आणि कोळसा पाण्यात विरघळत नाही. इस्त्री साफ करण्याची सगळी विद्या या फरकावर उभी आहे. पिवळा थर ओल्या फडक्याने निघतो. काळा थर घासावा लागतो किंवा दुसऱ्या एखाद्या वितळणाऱ्या पदार्थाने उचलावा लागतो.

सोलापुरात साळी, कोष्टी आणि मोमीन विणकर होतेच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून टाकला. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड प्रसिद्ध झाला, त्यात हातमागाच्या धंद्याला मोठी जागा दिली आहे. लुगडी, खण, पागोट्याचे कापड अशा सगळ्या विणकामाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत मजबूत लागे. एकेरी पिळाचे सुती सूत तसेच मागावर चढवले तर फणीच्या घासण्याने त्याची लव उठते आणि ते पटापट तुटते. म्हणून ताण्याला खळ देत. या कामाला पांजणी म्हणत.

पांजणी घरात होण्यासारखी नव्हती. ताणा लांब, त्यामुळे तो गल्लीत किंवा मोकळ्या पटांगणात बांबूच्या घोड्यांवर ताणत. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून, गाळून, निववून घेत आणि ताण्यावर शिंपडून लांब दांड्याच्या कुंच्याने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत. घरातली दोन-तीन माणसे ताण्याच्या दोन्ही अंगांनी एकाच चालीने पुढे-मागे जात. कुंचा थांबला की त्या जागी खळ साचे आणि शेजारचे धागे एकमेकांना चिकटत. चिकटलेले धागे पुन्हा हाताने सोडवण्यात सगळी सकाळ जाई. खळीत थोडे तेल घालत, म्हणजे सूत लवचीक राही आणि फणीतून सरके. सोलापूरच्या उन्हात खळ फार लवकर वाळली तर सूत कडक होऊन तडकते, म्हणून हे काम पहाटेच उरकत. आठ वाजता ऊन तापू लागण्याआधी ताणा गुंडाळून घरात न्यायचा असे. शिवणकाम, रंगकाम आणि विणकाम यांबद्दल बरेच लिहिले गेले, पण घरातल्या बायका-मुलांच्या अंगावर पडणाऱ्या या पांजणीची नोंद त्या मानाने फार थोडी झाली आहे. मोठ्या लुगड्याच्या किमतीत तिच्या पहाटेच्या कष्टांचा वाटा मोठा होता.

रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांच्या पेढीच्या व्यवस्थापनाखाली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली जाऊ लागली. लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम या गिरण्या नंतर आल्या. गिरणीत कुंच्याची जागा सायझिंग खात्याने घेतली. ताण्याची पत्ती खळीच्या गरम हौदातून जाई, रुळांमध्ये पिळून निघे आणि वाफेने तापलेल्या मोठ्या तांब्याच्या पिंपांवरून फिरत वाळे. हे यंत्र इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तयार झाले होते. त्याचा मोठा उपद्रव इस्त्रीच्या तळासारखाच होता. ओले सूत पहिल्या पिंपाला टेके तेव्हा खळीचा थर तांब्यावर बसे, तो वाळून खपली होई, आणि पुढच्या सुताला ओरखडे काढत राही. यंत्र थांबले आणि पत्ती तापलेल्या पिंपावर तशीच राहिली तर तेवढा पट्टा कायमचा पिवळा पडे. म्हणून खळीत चरबी किंवा मेण घालणे, पिंप रोज पुसणे आणि यंत्र शक्यतो न थांबवणे ही सायझरची मुख्य शिस्त होती. बऱ्याच नंतर जगभर या पहिल्या पिंपांना टेफ्लॉनचा न चिकटणारा थर देऊ लागले.

गिरणीच्या खळीचा गैरवापरही झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, कापूस महागला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती मिसळून कापडाचे वजन वाढवले. असे कापड भारताच्या बाजारातही आले. दुकानात हाताला भरघोस लागणारे धोतर पहिल्या धुण्यात खळ सोडून जाळीसारखे लोळे. कापड हातात घेऊन ते चुरगाळून, त्याची पूड उडते का हे पाहण्याची गिऱ्हाइकाची सवय त्या काळाला साजेशीच होती.

दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली आणि खळीसाठी धान्य वापरणे अवघड झाले. त्या काळात देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या कामामुळे चिंचोक्याच्या पिठाची खळ पुढे आली. चिंचोक्यातला पदार्थ रासायनिकदृष्ट्या स्टार्च नव्हे, पण तोही चिकट असतो आणि सुताला तसाच पापुद्रा देतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शी ही चिंचेची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे हा माल जिल्ह्याला परका नव्हता. मात्र शहराची ओळख पुढे चादर आणि टॉवेल यांनी ठरवली. त्यांच्यात बरेचसे सूत दुपदरी पिळाचे असते, आणि दुपदरी सुताला पांजणीची गरज फारशी नसते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीतली पांजणी मात्र तोवर दिसेनाशी झाली होती.

मागावरची खळ कापड तयार झाल्यावर धुऊन काढावीच लागते, नाहीतर रंग नीट धरत नाही. गिरण्यांत ती पाण्यात आंबवून काढत. १९१७ च्या सुमारास फ्रान्समध्ये जिवाणूंपासून मिळवलेले एन्झाइम या कामाला वापरात आले आणि काम तासांवर आले. कापड मऊ झाले की त्याला पुन्हा ताठपणा द्यायचे काम परटाकडे जाई. म्हणजे मागावरून उतरल्यावर गेलेली खळ पोशाखाच्या रूपात परत येई.

परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावात तो रोजचे कपडे धूत नसे. बाळंतपण, सुतक, लग्न या प्रसंगी त्याचे काम निघे, आणि लग्नात नवरा-नवरीसाठी पायघड्या घालण्याचा मान त्याचा असे. त्याबदल्यात सुगीला बलुते मिळे. गाडगे महाराज याच समाजातले.  परटाच्या कामात इस्त्री उशिरा आली. तिच्याआधी कुंदी होती. किंचित ओलसर, खळ दिलेले कापड घडी करून लाकडी ठोकळ्यावर ठेवायचे आणि मोगरीने एकसारखे कुटायचे, म्हणजे पृष्ठभाग चापून बसतो आणि चकाकतो. कुंदीत उष्णता नसल्याने खळ जळण्याचा प्रश्नच येत नसे. ज्या घरांत कुंदीवाला परवडत नसे तिथे घडी गादीखाली दाबून ठेवत, किंवा पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या तळाने कपडा फिरवत. तांब्याचा तळ गोलसर, त्यामुळे दाब कमी पडे आणि खळ चिकटायचीही कमी.

कोळशाची इस्त्री ही त्या तांब्याची भारदस्त आवृत्ती. पितळेचे किंवा बिडाचे जाड पेटीसारखे भांडे, वर बिजागरीचे झाकण, पुढे कोंबड्याच्या आकाराची खिट्टी, बाजूंना हवेची भोके आणि वर लाकडी मूठ. आत बाभळीचे किंवा करवंटीचे निखारे भरत. ती पाच किलोंहून सहज जड भरे आणि दाबाचे निम्मे काम तिच्या वजनानेच होई. तापमान मोजायचे साधन नव्हते. बोटाला थुंकी लावून तळाला क्षणभर टेकवत आणि आवाजावरून अंदाज घेत, किंवा जुन्या चिंधीवर पहिला हात फिरवून ती पिवळी पडते का ते पाहत. वारा लागून निखारे फुलले की तळ एकाएकी तापे आणि ओली कांजी तत्काळ भाजली जाई. कोळशाच्या इस्त्रीवर थर जास्त साचण्याचे खरे कारण हेच आहे: दाट खळ आणि आवरता न येणारी उष्णता.

तळ साफ करायची रीत धातूप्रमाणे बदले. काम चालू असताना इस्त्री मध्येच अडखळू लागली की ओले करून पिळलेले गोणपाट जमिनीवर पसरत आणि गरम तळ त्यावरून दोन-तीनदा जोराने ओढत. नुकती चिकटलेली खळ डेक्स्ट्रिनच्या अवस्थेत असते, वाफेने ती सुटते. त्यानंतर सुती चिंधीत मेणाचा तुकडा गुंडाळून तळावर फिरवत आणि जुन्या कापडावर पुसून घेत. मेण वितळून धातू आणि कोळसा यांच्यामध्ये शिरते, थर सैल होतो आणि पुढच्या कपड्यासाठी तळ गुळगुळीत राहतो. थर जुना असला तर कागदावर जाड मीठ पसरून त्यावरून गरम इस्त्री फिरवत. मिठाचे खडे उष्णतेने वितळत नाहीत, म्हणून ते चांगले घासतात, आणि धातूपेक्षा मऊ असल्याने बारीक चरे पाडत नाहीत.

पितळी इस्त्रीला रात्री गार झाल्यावर चिंच लावत. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळसर ऑक्साइड विरघळवते, त्यामुळे त्याला धरून बसलेला कोळसाही सैल होतो. मग राख किंवा विटकरीची बारीक पूड घेऊन घासत. चिंच नीट धुऊन पुसली नाही तर दुसऱ्या दिवशी तळाला हिरवट डाग दिसत, आणि ते पांढऱ्या कपड्यावर उतरत. म्हणून शेवटी कोरडी राख फिरवणे हा नियमच होता. बिडाच्या इस्त्रीला चिंच चालत नसे, ती गंजते. तिला विटकर, मेण आणि खोबरेल तेलाचा हात. गरम बीड गार पाण्यात कधीच बुडवत नसत, कारण त्याला तडा जातो. सुरीने किंवा पत्र्याने खरवडणे ही मात्र सरसकट चूक होती. पडलेल्या चऱ्यांत पुढची खळ आणखी घट्ट बसते आणि इस्त्री आठवड्याभरात पूर्वीपेक्षा वाईट होते.

यातले शहाणपण साफ करण्यापेक्षा खळ नीट करण्यात जास्त होते. तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची कांजी पातळ शिजवून फडक्यातून गाळायची. एक गुठळी राहिली तरी ती तळाला पहिली चिकटते. कुरडयांच्या दिवसांत घरात गव्हाचा चीक असे, त्यातलाही थोडा कपड्यांना जाई. सोलापूरच्या तेलुगू आणि कानडी घरांत कांजीलाच गंजी म्हणत. कांजीत चिमूटभर मीठ आणि खोबरेलाचा थेंब टाकत, म्हणजे ती तळाला कमी धरे. गल्लीतला विणकर ताण्याच्या खळीत तेल घाले आणि गिरणीतला सायझर चरबी, तेही अशाच कारणासाठी. कपडा पूर्ण वाळवून, मग त्यावर पाण्याचे शिंतोडे मारून, घट्ट गुंडाळून तासभर ठेवायचा आणि नंतर इस्त्रीला घ्यायचा. ओलावा सगळीकडे सारखा पसरला की खळ धाग्यातच राहते. शिंपडल्यावर लगेच इस्त्री टेकवली तर पाण्याचे थेंब पृष्ठभागावरच उकळतात आणि खळ वर ओढून आणतात. रांगेत गिऱ्हाईक उभे असले की ही तासाभराची वाट सगळ्यात आधी टाळली जाई, आणि तिची किंमत तळाला द्यावी लागे.

कडक कांजीची सवय वाढवण्यात खादीचा मोठा हात होता. हाताने कातलेले सूत जाडसर आणि असमान, खळीशिवाय तिचा आकार राहत नाही. पांढरी खादीची टोपी १९२० नंतर राजकीय निशाणी झाली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ती डोक्यावर असणे धोक्याचे होते. टोपीला इस्त्री करणे हे स्वतंत्र कसब आहे. कापडाचे चार-पाच पदर एकावर एक येतात, शिवणीत कांजी साचते, आणि टोकाला कडा धरण्यासाठी इस्त्रीचे नाक एकाच जागी दाबून ठेवावे लागते. टोप्या करणाऱ्याच्या इस्त्रीचे नाक सगळ्यांत आधी काळे पडते ते यामुळे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन चालणाऱ्यांची पांढरी बाराबंदी हेही शहराचे पांढऱ्या कपड्याशी जडलेले नाते. संक्रांतीच्या आधी हे कपडे धुऊन, इस्त्री करून तयार ठेवावे लागतात. पांढऱ्या कापडावर इस्त्रीचा डाग पडला तर तो लपवायला नक्षी नसते.

विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये घेतले, पण भारतातल्या सामान्य घरांत ती स्वातंत्र्यानंतरच रुळली. कोळशाची इस्त्री रस्त्यावरच्या टपऱ्यांवर बराच काळ टिकली. भारनियमनाच्या वर्षांत तर तीच कामाला आली, आणि आता तिची जागा गॅसवर तापणारी इस्त्री घेत आहे. विजेच्या इस्त्रीला तापमानाचा काटा मिळाला, त्यामुळे खळ भाजण्याचे प्रमाण घटले. तळ मात्र पातळ झाला: क्रोमचा मुलामा, ॲल्युमिनियम, नंतर स्टेनलेस स्टील. राख आणि विटकर यांचे दिवस तिथे संपले, मुलामा त्यांनी निघून जातो. स्टीलला खाण्याच्या सोड्याची पातळ लुगदी गार तळावर लावून ओल्या फडक्याने पुसतात. मिठाची आणि मेणाची रीत इथेही चालते. ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची गोळी चिमट्यात धरून गरम तळावर घासण्याची युक्तीही घराघरांत पसरली आहे. ही गोळी १६९ अंशांना वितळते, म्हणजे सुती कपड्यासाठी तापलेल्या तळावर ती सहज पातळ होते आणि काळा थर सोडवते. धूर मात्र निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. मेणाने जे निघते त्यासाठी गोळी वापरायची गरज नाही.

नॉनस्टिक तळाचे मूळ १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेल्या टेफ्लॉनमध्ये आहे. त्याला मीठही चालत नाही. इस्त्री कोमट असताना ओल्या मऊ फडक्याने पुसणे एवढाच उपाय. वाफेच्या इस्त्रीत खळ वाफेच्या भोकांत शिरते आणि पाण्यातल्या क्षारांबरोबर तिथे घट्ट बसते. कापसाच्या काडीने भोके मोकळी करून क्षार नसलेले पाणी भरले तर हा त्रास कमी होतो. फवाऱ्याच्या बाटलीतली तयार खळ सोयीची असली तरी जुनी चूक तिथे परत होते: फवारा मारला की लगेच इस्त्री टेकवली जाते. एखादे मिनिट थांबून ती धाग्यात मुरू दिली, आणि कपडा उलटा करून इस्त्री केली, तर तळ स्वच्छ राहतो.

टेरिकॉट आल्यावर कांजीचा वापरच घटला. टेरिकॉटसारखे कृत्रिम धाग्याचे कापड जास्त तापलेल्या इस्त्रीखाली वितळते आणि प्लास्टिकचा काळा थर सोडते. तो खळीच्या थरापेक्षा वेगळा ओळखावा लागतो. खळ ओल्या फडक्याला दाद देते, वितळलेला धागा देत नाही. तो गरम असतानाच लाकडी पट्टीने ढकलून जाड सुती कापडावर उतरवावा लागतो. गेल्या काही दशकांत सोलापूर शालेय गणवेशांच्या शिलाईचे मोठे केंद्र झाले आहे. त्या कारखान्यांत कॉलरचा ताठपणा कांजीतून न येता आत घातलेल्या बक्रममधून येतो. पूर्वी बक्रम म्हणजे खळ दिलेले जाड कापडच असे. आताच्या बक्रमला एका बाजूने गोंदाचे ठिपके असतात आणि ते प्रेसखाली वितळून कापडाला चिकटतात. बक्रम काठाबाहेर सरकले की हा गोंद प्रेसच्या तळाला लागतो आणि पुढच्या कॉलरवर उतरतो. तो काढायला कारागीर तळ गरम ठेवूनच त्यावर मेण फिरवतात आणि सुती चिंधीने पुसतात. गोंद गार झाला तर तो कडक होतो आणि घासूनही निघत नाही, म्हणून कॉलरचे काम संपताच, प्रेस बंद करण्याआधी, तळ पुसला जातो.